परदेशाहून आणलेला प्रश्न

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने अधूनमधून परदेशी जाऊन यावे, त्याने लेखणी ताजी होते, असे मत आपल्याकडे आता चांगलेच रुजले आहे. पूर्वी लेखक परदेशी गेला की परत येऊन प्रवासवर्णन लिहीत असे. आता प्रवासवर्णन सहसा कुणी मागत नाही. पण 'तिकडे काही सुचले का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. तीन आठवडे जपानमध्ये मुलीकडे राहून मी परतलो तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने तो मलाही फोनवर विचारला, आणि 'हो, बरेच' असे सांगून मी मोकळा झालो. उत्तर खरे होते; मात्र त्याने ते ज्या अर्थाने घेतले त्या अर्थाने नव्हे. काय सुचले, आणि जे सुचले ते कसे चुकीचे निघाले, हे येथे सांगायचे आहे.

माझे गाव पिंपळवंडी. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की ते लागते. जुन्नर तालुका, कुकडीचे खोरे. ऊस, कांदा आणि टोमॅटोचा मुलूख. या गावावर मी एक कादंबरी लिहीत होतो. चार वर्षांत दोनशेच्या आसपास पाने झाली होती आणि त्यातले एकही पान मला पुन्हा वाचावेसे वाटत नव्हते. गाव मला ठाऊक नव्हते म्हणून हे झाले नाही. उलट, मला सगळे ठाऊक आहे या खात्रीनेच ती पाने मारली होती. कोण कुणाचा कोण, कुठल्या बांधावरून कुणाचे वाजले, कुठल्या विहिरीला पाणी कधी आटते, हे सारे हाताशी होते. एखादे पात्र दारातून आत येण्याआधीच ते काय बोलणार हे मला कळलेले असे, आणि ते तेच बोलत असे.

साहित्याच्या अभ्यासकांना या आजाराचे नाव माहीत आहे. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने १९१७ साली मांडलेला अपरिचितीकरणाचा विचार आपण वर्गात शिकवतो: सवयीमुळे वस्तू दिसेनाशा होतात, आणि त्या पुन्हा दिसाव्यात म्हणून कला त्यांना अनोळखी करते. टॉलस्टॉयने घोड्याच्या तोंडून माणसांची मालमत्ता वर्णन केली, हे त्याने दिलेले उदाहरणही आपण फळ्यावर लिहितो. मग परदेशी सुटी म्हणजे तिकीट काढून विकत घेतलेले अपरिचितीकरण, असे म्हणता येईल काय? निघताना मला तसेच वाटत होते. आपण तीन आठवडे घोडा होऊन यावे, एवढीच अपेक्षा होती.

मराठीत याचे दाखले शोधू गेले तर ते सापडतात, पण 'सुटी' या शब्दात ते नीट मावत नाहीत. लहानपणी वाटेगावहून पायी मुंबई गाठलेले अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. पण स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी तो देश पाहण्याच्या कितीतरी आधी रचला होता. विलास सारंगांनी इराकमध्ये बसऱ्याला वर्षानुवर्षे अध्यापन केले, आणि 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) ही कादंबरी त्यातून आली. तो नोकरीचा मुक्काम होता. गौरी देशपांडे यांच्या 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (१९८५) मध्ये जपान आहे. पण त्याच लेखिकेने पुढे फलटणजवळच्या खेड्यात राहून 'विंचुर्णीचे धडे' लिहिले. आणि या सगळ्यांना छेद देणारे जी. ए. कुलकर्णी आहेतच. धारवाडला इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या कथांत कुठल्याच नकाशात नसलेले प्रदेश उभे केले. तेव्हा अंतराचा आणि ताजेपणाचा संबंध सरळ नाही, हे उघड आहे.

खरे तर आमच्या जुन्नरला परक्या नजरेचे वावडे कधीच नव्हते. नाणेघाटातून व्यापार चालत असे त्या काळात येथल्या लेण्यांना यवनांनी दाने दिली. पाण्याच्या दोन पोढी खोदवून देणाऱ्या एका यवनाचे नाव ब्राह्मी लिपीत आजही तेथे आहे. पण मला अधिक जवळचा वाटतो तो त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन. १४७० च्या आसपास तो एक घोडा घेऊन जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकून पडला. येथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला; धर्म बदलशील तर घोडा देईन, वर मोहराही देईन, असे सांगितले. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो त्यातून सुटला. त्याच्या टिपणात एक गंमत आहे. जुन्नरच्या पावसाळ्याला तो 'हिवाळा' म्हणतो. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, घराबाहेर पडणे अवघड. त्याच्या देशात असा कोंडून घालणारा ऋतू हिवाळाच असतो. म्हणजे त्याने नाव चुकवले, पण ऋतूचा स्वभाव अचूक पकडला. जूनमधल्या चिखलाकडे हिवाळा म्हणून पाहण्याचे आमच्यापैकी कुणाला कधी सुचले नसते. परक्या माणसाची चूक ही कधी कधी घरच्या माणसाच्या माहितीपेक्षा जास्त पाहते, असे मी वर्गात मोठ्या थाटात सांगत आलो होतो. ते वाक्य पुढे माझ्यावरच उलटायचे होते.

आता जपान. टोकियोच्या पूर्वेकडच्या निशिकसाईत मुलीचे बिऱ्हाड आहे. तेथे आपली माणसे इतकी आहेत की पहिला आठवडा पुण्यातच गेल्यासारखा वाटला. वाणसामान, पोहे, लिफ्टमध्ये भेटणारी मराठी कुटुंबे. दुसऱ्या आठवड्यात मुलगी आणि जावई मला किसोच्या खोऱ्यात घेऊन गेले. एदो आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणारा नाकासेन्दो नावाचा जुना मार्ग तेथून जातो. त्यावर ६९ मुक्कामाची ठाणी होती. त्यांपैकी मागोमे आणि त्सुमागो ही दोन गावे जुन्या रूपात जपून ठेवली आहेत. त्यांच्यामधली आठ किलोमीटरची वाट अजून चालता येते. नातू लहान, म्हणून ते तिघे बसने पुढे गेले आणि मी एकटाच पायी निघालो.

त्या वाटेवर मला पहिल्यांदा मुकेपण म्हणजे काय ते कळले. चाळीस वर्षे शब्दांवर पोट भरलेला माणूस मी. आणि येथे पाटी वाचता येत नव्हती, समोरून येणाऱ्याला वाकून नमस्कार करण्यापलीकडे काही बोलता येत नव्हते. आश्चर्य म्हणजे त्याचा त्रास झाला नाही. लंघनाच्या दिवशी पोट हलके होते तसे डोके हलके झाले. कान आणि डोळे आपापली कामे करू लागले. पाण्याचा आवाज कुठल्या बाजूने येतो, हिनोकीच्या झाडांखाली उजेड कसा पडतो, हे मी शब्दांत न मांडता नुसते पाहत होतो.

वाटेत ठिकठिकाणी लाकडी खांबांवर घंटा टांगलेल्या होत्या. शेजारच्या पाटीवर अस्वलाचे चित्र होते, त्यावरून अर्थ कळला: रान दाट आहे, घंटा वाजवत जा, म्हणजे माणूस येतो आहे हे अस्वलाला कळेल आणि ते बाजूला होईल. मीही वाजवली. पुढे एका वळणावर पायऱ्यापायऱ्यांचे शेत लागले. तिथे एक म्हातारी बाई एकटीच कामाला निघाली होती. पाठीवर टोपली, डोक्याला फडके, आणि कमरेला एक लहानशी घंटा. ती चालली की घंटा किणकिणे. ती शेतात वाकली, दिसेनाशी झाली, तरी घंटेवरून ती कुठे आहे ते समजत होते.

तिथे मला नानी दिसली.

नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. चुलते मुंबईला भायखळ्याच्या भाजीबाजारात. रान नानीच्या अंगावर. ती रानात एकटी असली की मोठमोठ्याने बोलत असे. समोर कुणी नसताना 'आबा, तेवढा बांध बघा', 'भावजी, बैल हिकडं घ्या' अशी तिची बडबड दोन शेते ओलांडून ऐकू येई. आम्हा पोरांना त्याची फार मौज वाटे. आबा म्हणजे आमचे आजोबा. ते तर केव्हाच वारले होते. पुढे मी लिहू लागलो तेव्हा एका दिवाळी अंकात नानीवर कथा लिहिली. मेलेल्या सासऱ्याला शेतातली कामे सांगणारी भाबडी, थोडी वेडसर बाई. कथा लोकांना आवडली. कार्यक्रमांत मी ती वाचून दाखवत असे आणि शेवटच्या परिच्छेदाला हमखास हशा पिकत असे.

किसोच्या त्या वळणावर सगळा उलगडा झाल्यासारखे वाटले. नानी वेडी नव्हती. नानी घंटा वाजवत होती! आमचा तालुका बिबट्यांचा. उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते, गोठ्यातली वासरे जातात, माणसांवर हल्ले होतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला स्वतंत्र केंद्र आहे. रानात शिरताना आवाज करा, गाणी लावा, एकटे जाऊ नका, असे वनखाते सांगत असते. जे आज सांगितले जाते ते नानीने उपजत शहाणपणाने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच ओळखले होते! माझ्या कादंबरीला कणा मिळाला. तिचा जनावराशी चाललेला अखंड संवाद, मधे उभी असलेली उसाची भिंत. त्या रात्री त्सुमागोच्या जवळच्या खोलीत आणि नंतर निशिकसाईतल्या जेवणाच्या टेबलावर मी चाळीस पाने लिहिली. चार वर्षांत असा हात चालला नव्हता.

आणखी एका गोष्टीने मला बळ दिले होते. मागोमे हे शिमाझाकी तोसोन या कादंबरीकाराचे जन्मगाव. तेथे त्याचे स्मृतिसंग्रहालय आहे. मुलीने वाचून सांगितले तेवढे मी टिपून घेतले: १९१३ मध्ये तोसोन फ्रान्सला गेला, १९१६ मध्ये परतला, आणि पुढे १९२९ ते १९३५ या काळात त्याने 'पहाटेपूर्वी' ही प्रचंड कादंबरी लिहिली. तिच्यात हेच मागोमे आहे, नायक त्याच्या वडिलांवर बेतलेला आहे. परदेश पाहून आलेल्या लेखकाने आपल्या डोंगरातल्या खेड्याची महागाथा लिहावी, याहून अनुकूल शकुन मला कुठला हवा होता? मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले: 'फ्रान्स नसते तर मागोमे नसते.'

परतल्यावर आठवडाभरातच पिंपळवंडीला गेलो. नानी आता ऐंशीच्या पुढे आहे. ऐकू नीट येते, दिसते कमी. ओट्यावर बसून लसूण निवडत होती. मी तिला जपानच्या घंटेची हकिकत सांगितली आणि म्हणालो, "नानी, तूपण वाघासाठीच बोलायचीस ना रानात?"

ती हसली. "वाघ? तवा कुठं वाघ व्हता रं? कालवा नव्हता, ऊस नव्हता. वाघ आला तो उसामागनं."

मला हे ठाऊक असायला हवे होते. येडगावचे धरण झाले सत्तरच्या दशकात. कालव्यांचे पाणी फिरले, मग ऊस वाढला, उसाने आडोसा दिला आणि बिबट्या डोंगरातून खाली उतरून शेतातच राहू लागला. नानीची बडबड त्याच्या आधीची. तेव्हा आमच्या रानात बाजरी होती. चाळीस पानांचा माझा कणा तिने एका वाक्यात मोडला होता.

"मग कशासाठी बोलायचीस?"

तिने लसूण निवडणे थांबवले नाही. "माणसासाठी. तुझा चुलता मुंबईला. रान गावापासनं लांब. बाजरी डोक्याइतकी झाली का आत कोण हाय ते दिसत नाय. मंग मोठ्यांदा बोलायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई एकली नाय, संगं गडीमाणूस हाय."

"पण आबा तर वारले होते."

"आबा काय एकच आसतो का गावात?"

मी बराच वेळ गप्प राहिलो. मग विचारले, "कोण होता, नानी?"

"त्याचं नाव आता कशाला? गेला तो. त्याची नातवंडं हायेत."

"कुणाला सांगितलं नाहीस कधी?"

"इचारलं कुणी?" असे म्हणून तिने पाकळ्या सुपात टाकल्या, आणि थोड्या वेळाने, कसलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "तू माझ्यावर गोष्ट लिवली होतीस ना? पोरं सांगत होती. हसायची हाय म्हणं."

आमच्या गावापासून फार लांब नाही, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. जगभरचे शास्त्रज्ञ त्यांच्यामार्फत आकाशातले अतिशय क्षीण आवाज टिपतात. दोन शेते ओलांडून ऐकू येणारा आवाज मी पन्नास वर्षे ऐकला आणि त्याचा अर्थ लावला तोही दोनदा चुकीचा. पहिला अर्थ घरबसल्या लावला होता, दुसरा परदेशी जाऊन.

पुण्यास परतल्यावर तोसोनबद्दल आणखी वाचले. तो फ्रान्सला गेला ते ताजेतवाने होण्यासाठी नव्हे. पत्नी वारल्यावर घरात मदतीला आलेल्या सख्ख्या पुतणीशी त्याचा संबंध आला, तिला दिवस गेले, आणि तो देश सोडून निघाला. पुढे १९१८-१९ मध्ये त्याने ते सारे 'नवजीवन' या कादंबरीत स्वतःच कबूल केले. ते आत्मपरीक्षण होते की आणखी एकदा स्वतःची सोडवणूक, यावर तिकडच्या समीक्षकांत वाद होत आला आहे. पुतणीच्या वाट्याला फ्रान्स आले नाही. माझ्या वहीतले 'फ्रान्स नसते तर मागोमे नसते' हे वाक्य मी खोडले. ते खोटे आहे असे नाही. पण लेखकाच्या प्रवासाचा हिशेब मांडताना घरी राहिलेल्या बाईचा रकाना मी कोराच ठेवला होता.

मग परदेशी सुटीने लेखकाला काय मिळते? मला विषय मिळाला नाही. किसोचे खोरे माझ्या कादंबरीत कुठेही येणार नाही. मला दृष्टी मिळाली असेही म्हणवत नाही. जी मिळाली ती चुकीची निघाली. श्क्लोव्हस्कीच्या घोड्याला माणसांची मालमत्ता चमत्कारिक दिसते, एवढ्यावर काम भागत नाही. तो घोडा घरी येऊन कुणाला काही विचारत नाही. निकितीनचा 'हिवाळा' चालून गेला, कारण तो दुरुस्त करायला पाऊस काही तोंड उघडत नव्हता. माझी चूक दुरुस्त करायला माणूस जिवंत होते, ओट्यावर बसलेले होते, हे माझे भाग्य.

तरीही त्या तीन आठवड्यांचे ऋण मी नाकारणार नाही. चुकीची का होईना, एक शंका घेऊन मी आलो. 'नानी, तू का बोलायचीस?' हा प्रश्न पिंपळवंडीत राहून माझ्या मनात कधीच आला नव्हता, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक होते: ती वेडसर होती. परक्या मुलखात मुका होऊन चाललो नसतो, त्या अनोळखी बाईच्या घंटेकडे थांबून पाहिले नसते, तर ते उत्तर माझ्याबरोबरच मसणात गेले असते. सुटीने मला अज्ञानी केले, एवढेच तिचे काम. पुढचे काम घरी येऊन करायचे असते. त्याला तिकीट लागत नाही, आणि ते अधिक अवघड आहे. धारवाड न सोडता ज्यांना ते जमले, त्यांच्याविषयीचा आदर यामुळे वाढलाच.

चाळीस पाने काढून टाकली आहेत. जुनी कथाही आता वाचत नाही. कादंबरी पुन्हा सुरू केली आहे, बाजरीच्या शेतापासून. ती पूर्ण होईल की नाही ते सांगता येत नाही, पण आता पात्र दारात आले की मी थांबतो. हे सारे येथे लिहू का, असे नानीला विचारले. "लिव, पण नाव घालू नको, माझंबी आन् त्याचंबी," एवढेच ती म्हणाली. नानी तर आमच्याकडे घरोघरी असते.

निघताना तिने मला थांबवले. "ती तिकडची बाई," ती म्हणाली, "कमरेला घंटी बांधलेली. ती एकलीच व्हती का रानात?"

"हो. एकटीच."

"आन् ती घंटी नुसती अस्वलासाठीच व्हती का रं?"

मी तिला फोनमधला त्या वळणाचा फोटो दाखवू लागलो होतो. तो तसाच हातात राहिला. मी काही विचारले नव्हते.